बंदुकीचा परवाना आणि वापर : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

परवान्याच्या बंदुकीविषयी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. परवाना कसा मिळेल, एवढेच बहुतेकांना हवे आहे. बंदूक घरात आल्यावर ती ठेवायची कशी आणि काडतूस उडाले नाही तर काय करायचे, हे फार थोड्यांनी विचारले. म्हणून त्या प्रश्नांना येथे जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : रानडुकरं आणि रोही (नीलगाय) मिळून तूर, हरभरा रातोरात आडवा करतात. पीक संरक्षणासाठी बंदूक घ्यायची आहे. परवाना हातात आला की डुक्कर मारायला मोकळीक मिळते ना? – शेतकरी, जिंतूर

मिळत नाही. बंदूक जवळ बाळगण्याची परवानगी शस्त्र अधिनियम १९५९ खाली मिळते आणि जनावर मारण्याची परवानगी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली. पहिली जिल्हाधिकारी देतात, जिल्हादंडाधिकारी म्हणून. दुसरी वनविभागाकडून घ्यावी लागते. पहिली आहे म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही, आणि नेमके इथेच शेतकरी अडकतात.

आधी बंदुकीचे पाहू. अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. अर्ज ए-१ नमुन्यात करायचा. त्यासोबत ओळखीचा व राहण्याचा पुरावा, सातबारा आणि आठ-अ जोडा. वैद्यकीय दाखल्यात मानसिक स्थिती ठीक असल्याचा आणि नशेची सवय नसल्याचा स्पष्ट उल्लेख लागतो. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि घरी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था, याचीही पूर्तता करावी लागते. मग ठाण्याकडून चौकशी होते. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे पोलिसांचा अहवाल ३० दिवसांत जायला हवा आणि अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय व्हायला हवा. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा. परवाना देशाच्या संगणकीय नोंदीत चढतो आणि त्याला एक युनिक ओळख क्रमांक मिळतो. तो क्रमांक नसलेला परवाना वैध धरला जात नाही. दुसऱ्या राज्यातून ‘ऑल इंडिया’ परवाना काढून देतो म्हणणाऱ्या एजंटाच्या दारात उभे राहू नका. तुम्ही जिथे राहत नाही तिथल्या पत्त्यावरचा परवाना म्हणजे खोट्या कागदांवर उभी केलेली फौजदारी केस आहे.

पीक संरक्षणासाठी कायद्याने मुळात ठासणीची बंदूक धरली आहे. ती पुरेशी नाही अशी खात्री पटली तर किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक, म्हणजे साधारणपणे बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचे माप) एकनळी किंवा दुनळी, देता येते. पिकासाठी रायफल किंवा पिस्तूल मागू नका. तसा अर्ज तुमच्याच हेतूवर शंका आणतो.

आता जनावराचे. रोही आणि रानडुक्कर दोन्ही आज संरक्षित यादीत, अनुसूची २ मध्ये आहेत. उभ्या पिकाचे नुकसान होत असेल तर वन्यजीव अधिनियमाच्या कलम ११ खाली अधिकार असलेला वन अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या. त्यात गट क्रमांक, पीक, नुकसानीचे फोटो आणि आधीचे पंचनामे असू द्या. परवानगीत लिहिलेले क्षेत्र, मुदत आणि अटी तंतोतंत पाळा. मारलेले जनावर सरकारच्या मालकीचे असते. त्याचे मांस कापून वाटले की गुन्हा झाला, मग मारण्याची परवानगी असली तरी. काळवीट आणि मोर अनुसूची १ मध्ये आहेत. त्यांच्या बाबतीत शिक्षा ३ ते ७ वर्षे आणि दंड किमान २५ हजार. रात्री बॅटरीच्या झोतात फक्त डोळे चमकतात. चमकणाऱ्या डोळ्यांवर बार काढणाऱ्याला पुढे रोही आहे, काळवीट आहे की शेजाऱ्याची कालवड, हे कळलेले नसते.

आणखी एक गोष्ट आम्हाला ठासून सांगायची आहे. मराठवाड्यात डुकरांचा मुक्काम उसात असतो, आणि हंगामात त्याच उसाच्या कडेला तोडणी कामगारांच्या कोप्या पडलेल्या असतात. पहाटे अंधारात माणसे फडात शिरतात, लहान मुले पाचटावर निजलेली असतात. उसाचे पान छर्रा अडवत नाही. मोठ्या जनावरासाठी वापरतात त्या एस.जी. काडतुसातला एकेक छर्रा ६०० मीटरच्या आसपास जाऊ शकतो, म्हणजे दोन-तीन वावरे ओलांडून. दगडी बांधावर किंवा शेततळ्याच्या पाण्यावर तिरका बसला तर तो उसळून भलतीकडे जातो. म्हणून उसात, खळखळ ऐकून, आवाजाच्या दिशेने बार कधीही काढायचा नाही. जनावर पूर्ण दिसले पाहिजे, त्याच्या मागे मातीचा उंच बांध किंवा चढ पाहिजे आणि त्या दिशेला वस्ती नाही हे दिवसा जाऊन पाहिलेले पाहिजे. यातले एक जरी नसेल तर सेफ्टी सोडायची नाही.

परवाना माणसाच्या नावावर असतो, वावराच्या नाही. राखणीला सालगडी ठेवला म्हणून बंदूक त्याच्या हाती देऊन घरी झोपायला येता येत नाही. तुमच्या समोर, किंवा तुमच्या लेखी पत्राने दुरुस्तीसाठी नेण्यापुरती सूट कायद्यात आहे. त्यापलीकडे विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा लागतो आणि त्याला २ ते ५ वर्षे कैद आहे.

खरे सांगायचे तर बहुतेक शेतकऱ्यांना बंदुकीपेक्षा सौरऊर्जेच्या झटका यंत्राचा आणि नुकसान भरपाईचा उपयोग जास्त होतो. पीक खाल्ल्यापासून तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज गेला पाहिजे, उशीर झाला की पंचनाम्याला अर्थ राहत नाही. कुंपणात घरची लाइट मात्र सोडू नका. झटका यंत्र क्षणभराचा ठोका देते, मेन लाइनची तार माणूस मारते.

प्रश्न : वडील वारले. त्यांच्या नावावर दुनळी आणि एक रिव्हॉल्व्हर आहे. दोन्ही कपाटात आहेत. परवान्याची मुदत अजून दोन वर्षे आहे, तोवर घाई नाही ना? – औसा

घाई आहे. परवानाधारक गेला की परवाना संपतो, त्यावर छापलेली मुदत कितीही असो. आज त्या दोन्ही वस्तू तुमच्या ताब्यात विनापरवाना आहेत. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे त्या विनाविलंब जमा करा. विक्रेता महिन्याचे भाडे घेतो, पण बहुधा कोरड्या खोलीत ठेवतो. काडतुसे मोजून द्या. पावतीवर बनवणाऱ्या कंपनीचे नाव, क्रमांक, बोअर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या.

मग वारस म्हणून नव्या परवान्याचा अर्ज करायचा. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, वारसाचा पुरावा आणि बाकी वारसांची संमती लागते. तुमची स्वतःची पोलीस चौकशी नव्याने होते, वडिलांची बंदूक होती म्हणून ती टळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, वारसाने आलेली धरून. तुमच्याकडे आधीच एक असेल तर वडिलांच्या दोनपैकी एक विकावे किंवा दुसऱ्या पात्र वारसाकडे जावे लागेल. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आहे.

ज्यांचे वडील हयात आहेत त्यांच्यासाठी : वय ७० झाले, किंवा शस्त्र २५ वर्षे जवळ असले, तर धारक स्वतःच वारसाचे नाव देऊन हस्तांतरण मागू शकतो. दवाखान्याच्या आणि दहाव्याच्या धावपळीत हे करण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

प्रश्न : जुना वाडा पाडताना भिंतीच्या कोनाड्यात गंजलेली ठासणीची बंदूक सापडली. निजामाच्या काळातली असावी. शोभेला टांगावी का? – भोकरदन

टांगण्याआधी ठाण्यात लेखी कळवा. दुरुस्त करूनही जी उडू शकणार नाही अशी कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेली बंदूक कायद्यातून वगळलेली आहे. पण ती तशी आहे हे तुम्ही ठरवायचे नाही. आणि मुख्य म्हणजे ती भरलेली असू शकते. काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहते. टोपी (घोड्याच्या ठोक्याने ठिणगी देणारी लहान कॅप) नसली म्हणून निश्चिंत होऊ नका. घोडा ओढून पाहू नका, नळी तापवू नका, गंज काढायला ग्राइंडर लावू नका, कारण त्याच्या ठिणग्या कानातून, म्हणजे दारू पेटवायच्या छिद्रातून, आत जाऊ शकतात. तोंड मोकळ्या बाजूला राहील अशी ठेवून पोलिसांना बोलवा.

प्रश्न : माजी सैनिक आहे, बँकेत गार्डची नोकरी करतो. माझी बारा बोअर कधी कधी नुसती ‘टक’ करते, बार होत नाही. काडतुसे जुनी आहेत. पावसाळ्यात नळीही गंजते. काय करावे? – अंबाजोगाई

पहिल्यांदा त्या क्षणी काय करायचे ते. ‘टक’ झाली की बंदूक त्याच सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबा. कधी कधी आग आत हळू धरते आणि बार उशिरा होतो. ठासणीच्या बंदुकीत तर याहून बराच जास्त वेळ थांबावे. मग स्वतःचा चेहरा बाजूला ठेवून बंदूक उघडा आणि काडतूस काढा. तेच पुन्हा घालून पाहू नका आणि बाकीच्या काडतुसांत मिसळू नका.

आता त्याच्या बुडाची टोपी पाहा. तिच्यावर ठसा खोल, गोल आणि मधोमध असेल तर बंदुकीने तिचे काम केले आहे, दोष काडतुसाचा आहे. ठसा उथळ किंवा एका बाजूला असेल तर दोष बंदुकीचा : पिन झिजली, स्प्रिंग मेली, नाहीतर आत जुने तेल घट्ट होऊन बसले. दुनळीत दोष एकाच नळीचा असेल तर तो ताबडतोब लक्षात येतो, म्हणून कोणत्या नळीत ‘टक’ झाली ते लिहून ठेवत जा. पिन आणि स्प्रिंग परवानाधारक कारागिराकडूनच बदलून घ्या.

‘टक’पेक्षा जास्त भीती बाळगावी ती दबक्या आवाजाची. बार नेहमीपेक्षा हलका वाजला, धक्का कमी बसला, तर तिथेच थांबा. दोन्ही काडतुसे काढा, नळी सुटी करा आणि मागच्या बाजूने उजेडाकडे धरून आरपार पाहा. काडतुसातले बुच (दारू आणि छर्ऱ्यांमधली चकती) नळीत अडकलेले असू शकते. त्यामागे दुसरा बार काढला की नळी फुटते, आणि ती फुटते तिथे तुमचा डावा हात असतो. पावसाळ्यानंतर बाहेर काढलेल्या बंदुकीतही हाच धोका आहे. उघड्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. बंदूक हातात घेतली की भरण्याआधी आरपार पाहायचेच.

अशाच अपघाताचे दुसरे कारण वीस बोअरचे काडतूस. ते बाराहून बारीक असते, बाराच्या नळीत घसरून पुढे अडकते, घर (काडतूस बसते ती जागा) रिकामे दिसते, माणूस मागून बाराचे काडतूस घालतो. वीसची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात ती याचसाठी. एका खिशात, एका डब्यात दोन बोअर नकोत.

काडतुसाची लांबीही पाहा. जुन्या बंदुकींचे घर ६५ मिलिमीटरचे, आजची बरीच काडतुसे ७० ची. न उडालेले ७० चे काडतूस त्या घरात नीट बसते, कारण त्याचे तोंड आत दुमडलेले असते. उडताना ते उलगडते, पुढे जागा नसते आणि दाब वाढतो. नळीच्या बुडाशी लांबी कोरलेली असते, ती वाचा. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी दिसत असेल तर ती जुन्या पद्धतीने पट्ट्या पिळून घडवलेली आहे. तिच्यात आजचे बिनधुराचे काडतूस अजिबात घालू नका. ठासणीच्या बंदुकीतही काळ्या दारूशिवाय दुसरे काही भरायचे नाही.

काडतुसे पत्र्याखाली, गाडीच्या डिकीत किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात दारू आणि टोपी दोन्ही खराब होतात. कोरड्या डब्यात, गार खोलीत, कुलपात ठेवा. त्यांना तेल लावू नका, ते टोपीत झिरपते आणि ती निकामी होते. फुगलेली, हिरवट बुडाची, चिरलेली काडतुसे विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात द्या. चुलीत, विहिरीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसे हे लिहिलेले असते. बदलून नवी घेताना तो हिशोब जुळला पाहिजे.

गंजाचे : पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बंदूक बाहेर काढा. रिकामी आहे हे डोळ्याने आणि बोटाने, दोन्हींनी पाहा. नळी, दस्ता आणि पुढचे लाकूड वेगळे करा. गज मागच्या बाजूने घाला. आधी सॉल्व्हेंटचे फडके, मग पितळी ब्रश, मग पांढरे राहीपर्यंत कोरडी फडकी, शेवटी बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात. खोबरेल किंवा गोडेतेल वापरू नका, ते चिकट होऊन यंत्र धरते. दस्त्याला थोडे जवसाचे तेल चालते. घामाची बोटे लागलेली प्रत्येक जागा पुसा. काळी दारू वापरली असेल तर उद्यावर ढकलू नका. तिची राख हवेतली ओल ओढते, म्हणून त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवून पूर्ण कोरडी करून तेल लावा. कातडी म्यानात बंदूक ठेवून देऊ नका, चामडे ओल धरून ठेवते.

प्रश्न : यजमानांकडे परवान्याचे पिस्तूल आहे, उशाशी ठेवतात. दोन लहान मुलं आहेत. दोन वर्षं पिकानं दगा दिला, कर्ज झालं, ते रात्र रात्र झोपत नाहीत, बोलत नाहीत. मला भीती वाटते. – एक भगिनी, कळंब तालुका

ताई, तुमची भीती योग्य आहे आणि तिच्यावर आजच पाऊल उचला.

त्या शस्त्राला तुम्ही स्वतः हात लावू नका, ते भरलेले असेल. घरातल्या ज्यांचे ते ऐकतात, थोरले दीर, मामा, गावातला जवळचा मित्र, अशा एकाला सोबत घ्या आणि सगळे बरे होईपर्यंत शस्त्र जमा करू या असे सांगा. यजमानांनी स्वतः, दुसऱ्याला बरोबर घेऊन, ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे ते जमा करावे. यात परवाना जात नाही, पावती मिळते आणि नंतर शस्त्र परत घेता येते. नातेवाइकाच्या घरी लपवून ठेवू नका, तो बेकायदा ताबा होतो. ते ऐकत नसतील तर ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या. मनःस्थितीमुळे धारक शस्त्र बाळगण्यास योग्य नाही असे दिसले तर कलम १७ खाली परवाना निलंबित करता येतो. मरण्याची भाषा त्यांनी केली, शस्त्र घेऊन एकटे बाहेर पडले, तर ११२ ला फोन करा, लोक काय म्हणतील हे पाहू नका.

मनाचा त्रास हा आजार आहे आणि त्याला उपचार आहे. टेलि-मानस १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येते, तुम्हीही त्यांच्यासाठी फोन करू शकता. शेतकऱ्यांसाठीच्या प्रेरणा प्रकल्पाची माहिती आशाताईंकडे किंवा जिल्हा रुग्णालयात मिळेल.

इतर घरांसाठीही सांगतो. उशी, गादी, कपाटावरची पेटी ही शस्त्राची जागा नाही. मुलांना लपवलेली प्रत्येक वस्तू सापडते. शस्त्र सुटे करून, भिंतीला बोल्टने पक्क्या केलेल्या लोखंडी तिजोरीत ठेवा, काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवा, आणि चाव्या धारकाजवळच असू द्या. शस्त्र नियमांतही घरी शस्त्र सुटे करून ठेवण्याचा उल्लेख आहे. पिस्तुलाचे मॅगझिन काढले म्हणजे ते रिकामे झाले असे नाही. एक गोळी नळीच्या मागच्या टोकाच्या घरात राहू शकते. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून आत पाहा. क्रम उलटा केला तर नवी गोळी आत चढते.

प्रश्न : लग्नात, वरातीत हवेत बार काढला तर परवानाधारकाला काही होत नाही असे म्हणतात. – वाचक, परळी

होते. २०१९ च्या दुरुस्तीने असा बार वेगळा गुन्हा ठरवला आहे : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वर परवाना जातो. बीड जिल्ह्यात २०२५ च्या सुरुवातीला परवान्यांची फेरतपासणी होऊन अनेक परवाने रद्द झाले, हे तुम्ही पाहिलेच असेल. वर गेलेली गोळी खाली येताना कातडी फोडण्याइतकी वेगात असते. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र परजणे, म्यानाबाहेर मिरवणे हेही नियमांत बसत नाही.

प्रश्न : डाळिंबावर पोपट फार बसतात. छर्ऱ्याच्या एअरगनला परवाना लागत नाही ना? – भूम

४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला लागत नाही. पण पोपट संरक्षित आहे, त्याच्यावर ती चालवणे हा वन्यजीव गुन्हा आहे. बागेवर जाळी टाका. एअरगन नेमबाजीसाठी वापरायची तर मागे माती भरलेल्या पोत्यांची भिंत करा आणि चष्मा लावा. पत्र्यावरून छर्रा डोळ्यात परत येतो.

प्रश्न : निवडणूक लागली की बंदूक जमा करायला सांगतात. परत मिळते तेव्हा गंजलेली असते. – निलंगा

प्रत्येकाने जमा करायचीच असे नाही. कोणाचे शस्त्र जमा करायचे हे जिल्हास्तरीय छाननी समिती ठरवते. बँकेचा गार्ड किंवा खरा धोका असलेला माणूस लेखी अर्ज करून सूट मागू शकतो. नोटीस आली तर मात्र मुदतीत जमा करा, वाद नंतर घाला.

देण्याआधी नळीत आणि बाहेर तेलापेक्षा जाड ग्रीसचा हात द्या आणि सुती फडक्यात गुंडाळा. प्लॅस्टिक नको, आत घाम धरते. क्रमांक स्पष्ट दिसेल असे फोटो काढा आणि पावतीवर शस्त्राची स्थिती लिहायला सांगा. परत घेताना क्रमांक ताडा, ग्रीस पुसून नळी आरपार पाहा आणि मगच रजिस्टरवर सही करा.